दारापर्यंत आवाज

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या गावात बायका आखरावर जात नसत. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, सकाळी गुरं गोळा होतात ती. तिथं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, तोरणाखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात. एकानं चार शब्दांचं गाणं दुसऱ्याच्या बैलावर फेकायचं, दुसऱ्यानं उलटं फेकायचं, आणि प्रत्येक झडतीनंतर सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' म्हणायचं. मग मानाची जोडी पुढे जाते, तोरण तुटतं, बैल घरोघरी येतात. आम्ही बायका तोवर दारात ताट घेऊन उभ्या. ताटात कुंकू, निरांजन, पुरणपोळी. पोळा आम्हाला दिसायचा नाही, ऐकू यायचा.

तो ऐकू यायचा आमच्या सासऱ्यांमुळे. त्यांना सगळं गाव बापूजी म्हणायचं. अंगानं बारीक माणूस, पण झडतीला उभे राहिले की त्यांचा आवाज आखरावरून निघून देवळाला वळसा घालून आमच्या दारात यायचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा पहिला पोळा मला अजून आठवतो. शेजारच्या धुरपताबाई ताट सावरत म्हणाल्या, "ऐक वं रत्ना, तुहा सासरा सुरू झाला." आणि शब्द न शब्द ऐकू आला:

*देवीलालच्या बैलाले बेगड लावली शिंगाले,*
*मालकानंच ढेप खाल्ली अन् ढेकर आली बैलाले!*

ढेप म्हणजे बैलांना घालतात ती सरकीची पेंड. देवीलाल म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पोटानंही मोठे. गल्लीतल्या सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी नवी नवरी, यवतमाळच्या नोकरदार घरातली. मला हसावं की नाही तेच कळेना.

बैल घेऊन बापूजी दारात आले. मी बैलांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. बापूजींनी पहिलं विचारलं ते हे, "दारापर्यंत आला का वं आवाज?"

"आला, बापूजी."

"मंग झाला पोळा." एवढं म्हणून ते आत गेले.

दर वर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. ज्या झडतीचा आवाज दारात उभ्या बाईपर्यंत येत नाही ती झडतीच नव्हे असं त्यांचं मत होतं. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं. आणि बापूजींच्या मनात एकच गोष्ट होती: आपला दम संपायच्या आत घरातल्या कोणीतरी ही जागा घ्यावी. थोरले म्हणजे आमचे हे, कमलाकर, दारव्ह्याच्या कचेरीत कारकून. ते हात जोडून म्हणायचे, "बापूजी, मले फाईल वाचाले सांगा, झडती नका सांगू." उरले धाकटे, नयनभाऊजी.

नयनभाऊजींना गाणी सुचायची. कशावरही सुचायची. विहिरीचं इंजिन बंद पडलं की त्याच्यावर, शेजारच्या कोंबडीवर, वेचणीला येणाऱ्या बायांच्या ओच्यांवर. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून मधेच थांबायचे, ओठ हलायचे. बापूजी म्हणायचे, "पाह्य, कालवन थंड होऊन राह्यलं अन् हा पोट्टा कुठी गेला कोन जाने." पण त्या बोलण्यात राग नसायचा. त्यांना ते ओठ हललेले आवडायचे.

अडचण आवाजाची होती. नयनभाऊजींचा आवाज खालचा, थोडा घोगरा, मडक्यात बोलल्यासारखा. समोरासमोर बसलं तर ऐकत राहावं. दहा पावलांवर गेलं की विरून जायचा.

पहिल्यांदा बापूजींनी त्यांना झडतीला उभं केलं तेव्हा मी दारात होते. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक चिरका सूर आला, फाटला, आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज आला. तो मात्र स्पष्ट आला. मग बापूजींनीच झडती उचलली. घरी आल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आला, बापूजी," मी म्हटलं.

"कोनाचा?"

मी खाली बघितलं. "तुमचा."

नयनभाऊजी बैलाच्या मानेमागे उभे होते. बैलाच्या झुलीची किनार ते बोटानं सरळ करत राहिले.

*

आमच्या आईचा एक नेम होता, तो मी सासरी घेऊन आले. सकाळी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवून तुळशीला पाणी घालेपर्यंत बोलायचं नाही. चातुर्मासात त्याला वातींची जोड. ओसरीत बसायचं, घरच्या कापसातली सरकी काढायची, कापूस पिंजायचा, वाती वळायच्या. लाख वातींचा संकल्प असतो, पण मोजायचं काम मी देवावरच सोडलं होतं. हात चालत राहतात, तोंड बंद असतं. पहिल्यांदा जड जातं. पुढे असं होतं की बोलण्याच्या वेळेची मन वाटच बघत नाही.

बापूजींना तो नेम चालायचा, फक्त चहाची वेळ चुकली की ते भिंतीशी बोलायचे. "भिंती बाई, चहा होईन का वं?" भिंतीच्या वतीनं मी कप नेऊन ठेवायची.

त्या पहिल्या फजितीनंतर नयनभाऊजींनी ठरवलं की आवाज मोठा करायचा. दारव्ह्याच्या एका भजनी मंडळात जाऊ लागले. तिथले बुवा गळ्याच्या शिरा ताणून वरच्या सुरात म्हणायचे, तर हेही तसंच. त्यांचंच खाकरणं, त्यांचाच कानावर हात. एकदा एकादशीला आमच्या देवळात म्हणायला उभे राहिले. सगळे म्हणाले, हुबेहूब. धुरपताबाई तेवढ्या म्हणाल्या, "बुवाले घरी ठिवून आला का आपला नयन?"

पुढे यवतमाळला एका ऑर्केस्ट्रात. लग्नात, गणपतीत गायचे. नाकातून गायचं, मग छातीतून गायचं, ज्याचं गाणं त्याचा आवाज. घरी यायचे तेव्हा बोलणंही बदललेलं असायचं. एकदा मला म्हणाले, "भाभी, एक कप चाय मिलेगी?" मी म्हटलं, "भाऊजी, घरात वहिनीच आहे, भाभी बाहेर गेली." ते हसले, कान लाल झाले.

हसले खरे, पण मी बघत होते, त्यांचे ओठ आता जेवताना हलत नव्हते. गाणी सुचायची बंद झाली होती. दुसऱ्यांचे इतके आवाज आत भरले होते की स्वतःच्या शब्दाला बसायला जागा नव्हती.

आणि तीच कापसाची वाईट वर्षं. पऱ्हाटी दोन वेचण्यांत उलंगायची, झाडावर कापूसच उरायचा नाही. बोंडं हिरवी दिसायची आणि फोडली तर आत अळी. ज्या घरी पूर्वी ओसरीत कापूस छतापर्यंत असायचा तिथं पोरं आता मोकळी खेळायची. बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, तेही का यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी लिहीत नाही. देवापुढे दिवा लावताना माणूस गेलेल्या त्या घरांसाठी मी हात जोडत होते.

तेव्हा बाहेरच्या एका संस्थेनं कलापथक काढलं. गावोगावी जाऊन लोकांना धीर द्यायचा. नयनभाऊजींना घेतलं. गाणी आयती लिहून आलेली, चाल ठरलेली, ढोलकी, डफ, गळ्यात लाल रुमाल. 'खचू नको रे, लढ रे भावा,' असं काही होतं. मोठ्यांदा म्हणायचं होतं. भाऊजी जीव तोडून म्हणायचे. बापूजी खूश झाले. म्हणाले, "आता याचा आवाज वेशीपर्यंत जाते. पुढल्या पोळ्याले पाहू."

पुढचा पोळा यायच्या आत एक दिवस ते दुपारीच परत आले. जीपमधून उतरले, ओसरीत बसले, रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. मी पाणी दिलं.

"वहिनी," ते म्हणाले, आवाज फाटलेला, अर्धा वारा. "केळापूरकडच्या एका गावात गेलतो. चौकात उभे राह्यलो, सुरू केलं. समोरच्या घरून एक बाई बाहेर आली. कपाळ मोकळं. सगळे थांबले, वाटलं आता काही म्हनते, शिव्या देते. ती माह्याजवळ आली अन् म्हने, भाऊ, थोडं हळू म्हनता का? लेकरू आताच झोपलं."

मी तांब्या खाली ठेवला.

"मी हळू म्हनाले गेलो, वहिनी. तं मले येईचना. मले हळू म्हनताच येईना. मी उगाच तोंड हलवत राह्यलो." मग त्यांनी गळ्याला हात लावला. "अन् तवापासून काही निघूनच नाई राह्यलं."

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं. ताणून ताणून गळ्यात गाठी आल्या होत्या. औषध दिलं आणि सांगितलं, बोलणं पूर्ण बंद. कुजबुजायचंही नाही. किती दिवस ते गळाच सांगेल.

*

अशा रीतीनं आमच्या घरात सकाळी दोघं मुकी झाली. बापूजी वैतागले. "एक सून बोलत नाई, एक पोरगा बोलत नाई, थोरला कचेरीत. या घरात आता मी अन् भिंत!"

पहिले काही दिवस भाऊजी पिंजऱ्यातल्यासारखे फिरले. पाटीवर लिहायचे, पुसायचे. मग एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसले. चातुर्मास होता, वातींचं काम चाललं होतं. त्यांनी टोपलीतला कापूस ओढला आणि सरकी काढू लागले. मी वर पाहिलं नाही. मौनात माणसाकडे टक लावून पाहिलं तर तेही बोलणंच होतं, असं आई म्हणायची.

मग ते रोज येऊ लागले. बाहेर पावसाची रिपरिप असायची, कौलांवरून धार लागायची. सरकी ताटलीत पडली की टिक असं वाजायचं. गोठ्यात बैल अंग झटकायचे, घंटी एकदा वाजायची आणि थांबायची. धुरपताबाईंच्या घरी जातं नव्हतं आता, पण त्या पीठ चाळायच्या त्याचा एक ठेका भिंतीपलीकडून यायचा. हे सगळं रोजचंच. पण मला असं वाटू लागलं की आमच्या दोघांच्या मधे काहीतरी बसलंय, तिसरं कुणीतरी, आणि तेही सरकी काढतंय. भास म्हणा. कापसाच्या पांढऱ्याकडे फार वेळ बघितलं की डोळ्यांना असं होतं.

किती सकाळी गेल्या, सांगता येणार नाही. एकदा वात वळताना माझ्या कानाला काहीतरी लागलं. मला वाटलं गोमाशी. मग कळलं, भाऊजी गुणगुणत होते. शब्द नव्हते. चाल सरकी पडण्याच्या ठेक्यावर चालली होती, मधे चाळणीसारखी हलायची, आणि शेवटी बैलाच्या घंटीसारखी एकदा वर जाऊन थांबायची. आवाज तोच, त्यांचा, मडक्यातला. बुवा नव्हते त्यात, ऑर्केस्ट्राही नव्हता.

माझं मौन होतं म्हणून बरं. नाहीतर मी नक्की म्हटलं असतं, भाऊजी, किती छान! आणि ते तिथंच थांबले असते. यापूर्वी किती वेळा मी छान म्हटलं होतं, कुणी हुबेहूब म्हटलं होतं, कुणी हसलं होतं. आता समोर कुणी काहीच म्हणणार नव्हतं. माझी बोटं चालत राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते मी कापसाच्या धुळीवर ढकललं.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिल्यावरही ते सकाळी यायचे. मी गप्प, ते गुणगुणत. हळूहळू शब्द आले. गोठ्यावरचे, पऱ्हाटीवरचे, त्या झोपलेल्या लेकरावरचे. जेवताना ओठ पुन्हा हलू लागले. बापूजींनी पाहिलं आणि कालवणाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

पण पोळे येत होते आणि जात होते, आणि भाऊजी आखरावर तोंड उघडत नव्हते. "तथी ओरडा लागते, वहिनी. मले आता ओरडता येत नाई अन् ओरडाचंही नाई." बापूजीच उभे राहायचे. त्यांचा आवाज अजून दारात यायचा, पण मधे मधे तुटून. प्रश्न विचारायच्या आधी ते दम घ्यायला ओट्यावर बसायचे.

*

मग ते वर्ष आलं, ज्याचं मला सांगायचं आहे.

त्या उन्हाळ्यात गावातल्या पुष्कळ जोड्या बाजारात गेल्या. चारा नव्हता, आणि नांगरटीला देवीलालचा ट्रॅक्टर होता. धुरपताबाईंच्या यजमानांनी, उकंडाभाऊंनी, त्यांचे चांद्या आणि हरण्या दारव्ह्याच्या बाजारात नेले आणि एकटेच परत आले. धुरपताबाई एरवी कशालाही टोमणा मारायच्या. त्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं, "मान खाली घातली होती का त्यायनं?" उकंडाभाऊ पाय न धुताच घरात गेले.

पोळ्याच्या चार दिवस आधी बापूजींना ताप आला. उतरला, पण आवाज घेऊन गेला. खोकला तेवढा राहिला. देवीलाल भेटायला आले.

"बापूजी, यंदा जोड्याच नाईत, कायले त्रास घेता? मी स्पीकर लावतो. आमचा पुतन्या म्हनीन झडत्या, पार फाट्यापर्यंत ऐकू जाईन."

"बैल बुजतात त्या भोंग्यानं," बापूजी खोकत म्हणाले. "आखरावर भोंगा नाई लागत."

"मंग कोन म्हन्ते? तुमचा हा मुका?"

नयनभाऊजी दारातच उभे होते. बापूजींनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात मागणं होतं. इतक्या वर्षांत बापूजींना मी कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

"म्हनीन मी," भाऊजी म्हणाले. देवीलालनाही ते नीट ऐकू गेलं नसावं. "काय म्हने?" म्हणून त्यांनी बापूजींना विचारलं.

"म्हन्तो म्हने," बापूजी म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. जुवाखाली वर्षभर राबलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात सांगायचं. आमच्या गोठ्यात ते झालं. दिवेलागणीला मी तुळशीपाशी होते. नयनभाऊजी मधल्या भिंतीजवळ उभे होते, आणि एकदम त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला बोलावलं.

भिंतीपलीकडे धुरपताबाईंचा गोठा. त्या वाटीत हळद-लोणी घेऊन आल्या होत्या. सवयीनं कालवलं असणार. कालवल्यावर लक्षात आलं असणार. त्या रिकाम्या खुंट्यांपुढे उभ्या होत्या. जरा वेळानं खाली वाकल्या आणि खुंट्यालाच हळद चोळू लागल्या. वरून खाली, जशी खांद्याला चोळतात तशी. मग खुंट्याजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "चांद्या, बापा, उद्या जेवाले ये जो. हरण्याले घिऊन ये."

आम्ही दोघं तिथून मागे झालो. दुसऱ्याचं काही पाहू नये असं असतं. भाऊजी अंधार पडेपर्यंत गोठ्यात बैलाजवळ बसून होते. त्यांचे ओठ हलत होते.

पोळ्याच्या सकाळी मी ओसरीत वाती वळत होते. ते येऊन समोर बसले, आज कापसाला हात लावला नाही.

"वहिनी, आवाज दारापर्यंत नाई येनार. मले माहीत हाये. बापूजीले पुन्हा खाली पाहा लागन. तरी म्हनू का?"

माझं मौन होतं. तुळशीला पाणी घालायचं होतं अजून. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हातातली वात पूर्ण झाली, ती ताटात ठेवली, दुसरा कापूस घेतला.

"बरं," ते म्हणाले, जणू मी काही सांगितलं होतं, आणि उठून बैल धुवायला गेले.

*

संध्याकाळी माणसं बैल घेऊन गेली. बापूजी काठी टेकत, आमचे हे त्यांचा हात धरून. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे बैल उरले नव्हते त्याही उभ्या होत्या, ताटं घेऊन. धुरपताबाईंच्या ताटात पुरणपोळी होती. मी विचारलं नाही.

घुंगरांचा आवाज आखराकडे गेला, थोडा वेळ वाजला, मग थांबला. म्हणजे जोड्या तोरणाखाली लागल्या. आता झडती.

आम्ही ऐकत राहिलो. काहीच आलं नाही.

'हर हर महादेव' नाही. हसणं नाही. कुणी ओरडलं नाही. वारा पडलेला, पळसाच्या फांद्या दारांना खोचलेल्या, त्यांची पानंही हलत नव्हती. माझ्या ताटातली वात सरळ जळत होती. मी मनात म्हटलं, देवा, हसले तरी चालतील, पण काहीतरी ऐकू येऊ दे.

"काहून वं, इतकं गप्प?" धुरपताबाई म्हणाल्या. "कोनाले काही झालं तं नाई ना?"

"ताप होता बापूजींना," मी म्हटलं, आणि बोलताच मला भीती वाटली.

"चाल मंग. उभी कायले?"

"धुरपताबाई, बायका जात नाहीत आखरावर."

"ऐकू आलं असतं तं मी बी गेली नसती." त्या चालू लागल्या. ताट हातातच. मी मागोमाग निघाले. एकेका दारातून एकेक बाई उतरली. कुणी कुणाला बोलावलं नाही. निरांजनं विझू नयेत म्हणून सगळ्या पदर आडवा धरून चालत होत्या. देवळाला वळसा घातला तरी काही ऐकू येईना. मी पायाखालची वाट बघत होते आणि ती वाट मला पाण्यातल्यासारखी दिसत होती.

शेवटच्या बाभळीपाशी आलो तेव्हा कानाला ते लागलं. गोमाशीसारखं. मी ओळखलं. सरकीचा ठेका, चाळणीचं हलणं.

आखरावर कुणीही हलत नव्हतं. तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, आणि जोड्यांच्या मधे मधे मोकळ्या जागा होत्या. दर घराची जागा ठरलेली असते. ज्यांचे बैल गेले त्यांच्या जागा यंदा कुणीतरी तशाच सोडायला लावल्या होत्या. नंतर कळलं, नयनभाऊजींनीच. लोक तोरणापासून लांब उभे राहतात एरवी, आज सगळे पुढे सरकून अगदी जवळ आले होते, माना पुढे काढून. बैलसुद्धा मान हलवत नव्हते, म्हणून घुंगरं गप्प होती.

भाऊजी एका मोकळ्या जागेसमोर उभे होते. समोर माणूस असावा, इतक्या साध्या आवाजात म्हणत होते:

*चांद्या रे, कोन्या गावी बांधलं तुले,*
*कोन्या दाव्याची सवय झाली?*
*खुंटा तुहा अजून हाये,*
*माय हळद घिऊन आली.*

*हरण्या रे, कोन्या वाटंनं गेले पाय,*
*घुंगरू तुहे कुठी हरपले?*
*मोकळ्या जागी आवतन ठेवलं,*
*जेवाले ये रे, जेवाले.*

शेवटचा सूर एकदा वर गेला आणि घंटीसारखा थांबला.

झडतीत टोमणा असतो. हिच्यात नव्हता. म्हणून 'हर हर महादेव' म्हणावं की नाही हे कुणालाच कळेना. धुरपताबाई माझ्या शेजारी ताट घट्ट धरून उभ्या होत्या, आणि त्यांची बांगडी ताटाच्या काठावर बारीक वाजत होती.

गर्दीतून उकंडाभाऊ निघाले. खांद्यावर रिकामा कासरा होता. दरवर्षीच्या सवयीनं घेतला असेल. ते चालत त्या मोकळ्या जागेत गेले आणि तोरणाखाली उभे राहिले, कासरा दोन्ही हातांत धरून, जोडी धरतात तसा.

तेव्हा एक घोगरा, तुटका, खोकल्यातून निघालेला आवाज आला, "हर हर महादेव."

बापूजी होते. काठीवर दोन्ही हात टेकलेले. आयुष्यभर ज्यांच्या झडतीला गावानं साथ दिली, ते आज साथीला उभे होते. मग सगळ्यांनी म्हटलं, पण कुणीही ओरडलं नाही.

भाऊजी पुढच्या मोकळ्या जागेसमोर गेले. तिथल्या बैलांची नावं घेतली. त्या घरची माणसं पुढे येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. मग पुढची जागा. देवीलालच्या जागेसमोर आले तेव्हा देवीलाल आपल्या सजवलेल्या जोडीपुढे अवघडून उभे होते. भाऊजी जरा थांबले आणि त्याच खालच्या आवाजात म्हणाले, "*देवीलालच्या ट्रॅक्टरले बेगड लावली बॉनेटले, डिझेलचा बी नैवेद्य दाखवा, भूक लागली पोटाले!*" आणि एवढा वेळ दाबलेलं हसू सगळ्या आखरावर फुटलं. देवीलाल सगळ्यांत मोठ्यांदा हसले. "लय हळू चिमटा काढते राजेहो हा," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

तोरण तुटलं. धुरपताबाई थांबल्या नाहीत. सरळ तोरणाखाली गेल्या, उकंडाभाऊंच्या पायांवर पाणी घातलं, त्यांच्या हातातल्या कासऱ्याला कुंकू लावलं आणि पुरणपोळी बाजूच्या आमच्या बैलांना अर्धी अर्धी भरवली.

"अवो, काय करून राह्यली, लोक पाहून राह्यले," उकंडाभाऊ पुटपुटले.

"पाहू दे. तुमी बैलासारखे उभे राह्यले ते नाई पाह्यलं का लोकायनं?"

अंधार पडता पडता आम्ही घरी आलो, माणसं, बायका, बैल, सगळे एकाच वाटेनं. बापूजी ओट्यावर टेकले. दम घेतला. नयनभाऊजी बैलांची बाशिंगं सोडत होते. पाठ आमच्याकडे होती, पण हात थांबले होते.

बापूजींनी विचारलं, "दारापर्यंत आला का वं आवाज?"

त्या एका क्षणात माझ्या मनात फार गोष्टी येऊन गेल्या. पण सणाच्या दिवशी, दिव्यापुढे, खोटं कसं बोलायचं?

"नाही आला, बापूजी," मी म्हटलं. "आम्हीच गेलो."

बापूजींनी काठीनं ओट्यावरची माती इकडून तिकडे सारली. मग धुरपताबाईंच्या दाराकडे बघून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "मंग पुढल्या पोळ्याले ताटं घिऊन तिकडंच या साऱ्याजनी. बैलायले दारोदार कायले फिरवाचं?"

"या वयात अक्कल आली म्हाताऱ्याले," पलीकडून उत्तर आलं.

नयनभाऊजी हसले. बाशिंग सोडून माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बापूजींसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाती घेऊन बसले तेव्हा समोर आधीच कुणीतरी बसलं होतं. नयनभाऊजी होतेच, आणि त्यांच्या शेजारी, पाय लांब करून, न बोलता, बापूजी सरकी काढत होते.